अपूर्णांकांच्या बेरजेत छेद समान करावा लागतो, मग गुणाकारात का नाही?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: अपूर्णांकांचे प्रकार कसे ओळखावेत, आणि छेद समान करण्याचा नियम बेरजेलाच का लागू होतो. पहिला भाग थोडक्यात सांगतो. अंश छेदापेक्षा लहान असेल तर तो छेदाधिक अपूर्णांक (3/4), आणि छेदापेक्षा मोठा असेल तर अंशाधिक (11/4). हाच अंशाधिक अपूर्णांक 2 पूर्णांक 3/4 असा, म्हणजे व्यवहारातले पावणेतीन, लिहिला की त्याला पूर्णांकयुक्त म्हणतात. किंमत तीच राहते.

खरी अडचण दुसऱ्या भागात आहे. एका वस्तूचे किती समान भाग केले, म्हणजेच प्रत्येक भाग केवढा, हे छेद सांगतो आणि त्यांपैकी किती घेतले हे अंश सांगतो. बेरीज म्हणजे एकाच मापाच्या भागांची मोजणी. म्हणून 3 फुटांत 4 इंच थेट मिळवता येत नाहीत, तसेच सहांशांत अष्टमांशही मिळवता येत नाहीत. 1/2 + 1/3 यांचे उत्तर काही मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून 2/5 काढतात, पण 2/5 हे अर्ध्याहूनही कमी आहे, तेव्हा ते उत्तर चूक आहे हे पडताळा न करताही कळावे. 5/6 + 3/8 मध्ये 6 आणि 8 यांचा लसावि (दोघांनीही भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) 24 असल्यामुळे 20/24 + 9/24 = 29/24, म्हणजे 1 पूर्णांक 5/24. छेदांचा गुणाकार 48 घेतला तरी उत्तर हेच येते, फक्त शेवटी संक्षेप द्यावा लागतो. वजाबाकीची रीतही हीच.

गुणाकारात आपण भाग एकत्र मोजत नसून भागाचा भाग घेत असतो. कागदाचे उभे तीन समान पट्टे करून दोन रंगवा, मग त्याच कागदाचे आडवे चार समान भाग करून रंगवलेल्या पट्ट्यांतील तीन ओळी निवडा: एकूण चौकोन 3 × 4 = 12, निवडलेले 2 × 3 = 6. म्हणून 2/3 × 3/4 = 6/12 = 1/2; छेदांचा गुणाकार आपोआप झाला.

भागाकारात भाजकाचा गुणाकार व्यस्त (अंश आणि छेद यांची अदलाबदल केलेला अपूर्णांक) घेऊन गुणावे, हा नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (1150) आहे. पाऊण किलो चहाच्या अष्टमांश किलोच्या पुड्या किती होतील? एका किलोच्या आठ होतात, म्हणून पाऊण किलोच्या 3/4 × 8 = 6.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा गुणाकार करण्यापूर्वी मात्र ते अंशाधिक रूपात आणावेतच. पावणेतीनची दीडपट 11/4 × 3/2 = 33/8, म्हणजे 4 पूर्णांक 1/8; पूर्णांकाला पूर्णांकाने आणि अपूर्णांकाला अपूर्णांकाने वेगवेगळे गुणून येणारे 2 पूर्णांक 3/8 हे उत्तर तर मूळ संख्येपेक्षाही लहान भरते.