जुन्या क्लासिक सिनेमांच्या डीव्हीडी आहेत, रिस्टोअर्ड (मूळ फिल्म दुरुस्त करून काढलेली) डिस्क येईल म्हणून थांबू का?

थांबा, पण डीव्हीडी रद्दीत देऊ नका. माझ्याकडच्या एका डिस्कवर कोपऱ्यात कंपनीचा लोगो अख्खा सिनेमाभर चिकटलेला, तरी ठेवलीय, कारण रिस्टोरेशन निगेटिव्हच्या, म्हणजे मूळ चित्रित फिल्मच्या, नशिबावर असतं बघा. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या, ते आखडलेले तुकडे इटलीतल्या बोलोन्यात रसायनात भिजवून मऊ केले, फिल्मच्या कडेची फाटलेली छिद्रं हाताने सांधली, आणि 2015 ला क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची ब्लू-रे आली! फक्त परदेशातून मागवताना रीजन (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड) बघा, अमेरिकेची ब्लू-रे रीजन ए असते, आपला भारत रीजन सी मध्ये, त्यामुळे प्लेअर रुसतो. 4के यूएचडी डिस्कला ही कटकट नाही.