समुद्राकाठचा सामना

प्रश्न : मुलगा डंडी येथे शिकतो. त्याला भेटायला गेल्यावर स्कॉटलंडमधील एखाद्या छोट्या संघाचा फुटबॉल सामना एका दिवसात पाहून परतता येईल का?

उत्तर : अवश्य येईल, आणि त्यासाठी आर्ब्रोथसारखे दुसरे गाव नाही. डंडीहून रेल्वेने साधारण वीस मिनिटांत तेथे पोहोचता येते. शनिवारचे सामने बहुधा दुपारी तीनला सुरू होत असल्याने सकाळीच निघावे, म्हणजे बंदरावर ‘स्मोकी’ खाण्यास सवड मिळेल; शेपट्या बांधून जोडीने टांगलेले हॅडॉक मासे लाकडाच्या धुरावर भाजतात, आणि सोनेरी-तपकिरी कातडी सोलली की आतले पांढरे मांस ऊनऊन हातात येते. तेथून आर्ब्रोथ संघाचे गेफिल्ड मैदान पायी गाठता येते. ते समुद्राला इतके खेटून आहे की वादळी दिवशी लाटांचे तुषार प्रेक्षकांवर येतात आणि उंच मारलेला चेंडू वाऱ्याने मागे वळतो. म्हणून उन्हाळ्यातही वारा अडवणारा कोट न्यावाच. याच संघाने १२ सप्टेंबर १८८५ रोजी स्कॉटिश चषकात बॉन अ‍ॅकॉर्डला ३६-० असे हरवले होते. शक्य असल्यास खुर्ची न घेता पायऱ्यांवर उभे राहा. खेळाडूंच्या हाका तेथे स्पष्ट ऐकू येतात, आणि मोठ्या मैदानांवर हे सुख मिळत नाही.