‘सिली मिस्टेक’चं खरं नाव

“मॅडम, हुशार आहे हो, पण सिली मिस्टेक्स फार करते.” नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य दर आठवड्याला ऐकते, सीईटी जवळ आली की रोज. पोरीचं अभ्यासात लक्ष नाही, ही आईबापांची धास्ती. पोर शेजारी नखं कुरतडत बसलेली.

बारावीतली अशीच एक. झोप, मोबाइल, मैत्रिणी, सगळं बोलून झालं. चौथ्या भेटीत म्हटलं, “पुढच्या वेळी चाचणीचे पेपर घेऊन ये.” मी केमिस्ट्रीत बीएस्सी करून मग या वाटेला आले. ती डिग्री फुकट गेली असं सासरी अजून म्हणतात. त्या दिवशी ती कामी आली.

सहा चुकांपैकी पाच वायूंच्या गणितातल्या. एक समोर ठेवलं. दहा लिटरच्या टाकीत २ मोल वायू (मोल म्हणजे पदार्थ मोजायचं एकक), तापमान २७ अंश सेल्सिअस, दाब किती? तिनं २७ चे ३०० केल्विन केले होते, ‘आर’ हा वायूंचा स्थिरांक ८.३१४ घेतला होता, मोल, आर आणि तापमान यांचा गुणाकार, मग दहानं भागाकार, सगळं बिनचूक. उत्तर ४९८.८ पास्कल.

“आपल्या भोवतीच्या हवेचा दाब किती गं?”

“१,०१,३२५ पास्कल.” तोंडपाठ.

“आणि तुझ्या टाकीत?”

“पाचशेसुद्धा नाही... म्हणजे टाकी जवळजवळ रिकामी?” ती पेन चावत राहिली. “पण दोन मोलना साध्या दाबाला पन्नासेक लिटर जागा लागेल. ते दहा लिटरमध्ये कोंबलेत. दाब पाचपट यायला हवा!”

मी गप्प बसले. अशा वेळी गप्प बसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

पुढचं तिनंच काढलं. ८.३१४ घेऊन दाब पास्कलमध्ये काढायचा तर दहा लिटरचे ०.०१ घनमीटर करायचे, उत्तर ४,९८,८४०. लिटर तसेच ठेवून ॲटमॉस्फिअरमध्ये, म्हणजे भोवतीच्या हवेच्या दाबाच्या पटीत, काढायचा तर त्या एककांतला आर ०.०८२१, उत्तर ४.९३. “मॅडम, आकडा बरोबरच होता! नुसतं ‘किलो’ राहिलं.” खरंच, लिटर तसेच ठेवले तर ते ४९८.८ किलोपास्कल होतात.

माणूस स्वतःशी काय बोलतो ते आधी ऐकावं, या मताची मी. ‘मी वेंधळी आहे’ यावर माझ्याकडे औषध नाही. ‘लिटरचे घनमीटर केले नाहीत’ यावर आहे. चुकीला ‘सिली’ म्हटलं की ती उघडून बघायचं कुणाला सुचतच नाही. ती पोरीच्या स्वभावात जमा होते.

म्हणून आईला सांगितलं, महिनाभर घरात तो शब्द बंद. ‘लक्ष दे’सुद्धा बंद, ते ऐकून कुणाचं लक्ष लागलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मुलीला सांगितलं, आधी आर निवड, त्याच्यापुढची एककं मोठ्यानं वाच, मग दिलेला प्रत्येक आकडा त्या एककांत आण. तापमान कायम केल्विनमध्ये. उत्तर आलं की हवेच्या दाबाशी ताडून बघ. आणि चुकलंच, तर चुकीशेजारी तिचं खरं नाव लिही.

परवा ती नवा पेपर घेऊन आली. दोनच फुल्या. एकीशेजारी लिहिलं होतं ‘सेल्सिअस’, दुसरीशेजारी ‘घाबरले’. दुसरीवर आता बोलतोय.