साहेब आठवतात, बाबा आठवत नाहीत

"मॅडम, बाबा म्हटलं की मला आयसीयूमधलेच बाबा दिसतात. आधीचे कुठे गेले?"

निखिल हे बोलले ते दारातच, बूट काढता काढता. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची हरकत नाही.) वय सत्तेचाळीस, राहणार पार्ले पूर्व. वडील एका औषध कंपनीत १९६७ साली एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) म्हणून लागले आणि २००२ मध्ये विक्री विभागाचे जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं. त्यानंतरच्या रविवारी नातेवाईक आणि जुने सहकारी यांना बोलवायचं आणि निखिलनी पाच मिनिटं बोलायचं, असं आईने ठरवून टाकलं होतं.

त्यांनी भाषणाचा कागद माझ्यापुढे ठेवला. रुजू कधी झाले, रीजनल मॅनेजर कधी झाले, कुठल्या भागात विक्री किती वाढवली. शेवटच्या ओळीत 'शिस्तप्रिय आणि कुटुंबवत्सल'. आई तो वाचून म्हणाली होती, "अरे, हे तर त्यांच्या निरोप समारंभाच्या मानपत्रात होतं."

'शेवटचं आजारपणच तेवढं आठवतं' ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे खूप जण घेऊन येतात, आणि आपण कृतघ्न आहोत असं बहुतेकांना वाटत असतं. तसं नसतं. भीती वाटत असताना पाहिलेलं मनात खोल रुततं आणि न बोलावता परत येतं. निखिलच्या वडिलांनी नळ्या ओढू नयेत म्हणून त्यांचे हात पट्टीने खाटेला बांधले होते, आणि त्याच्या संमतीच्या कागदावर सही निखिलची होती. ते दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणारच. त्या सहीवर आम्ही नंतर दोन बैठका वेगळ्या घालवल्या, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

"मी कितव्या पायरीवर आहे?" हेही त्यांनी विचारलं. दुःखाच्या त्या पाच पायऱ्या, नकारापासून स्वीकारापर्यंतच्या, हल्ली मोबाइलवर सगळ्यांनी वाचलेल्या असतात. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतःचा मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. दुःखाला जिना नसतो. माणूस एक दिवस कोसळतो, दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडतो, आणि दोन्ही ठीकच असतं. मी बघते ते वेगळं: झोप, जेवण, काम आणि माणसांत मिसळणं. वर्ष उलटूनही रोजची ओढ तितकीच तीव्र असेल आणि ही घडी बसतच नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला सांगते. जगावंसं वाटत नाही असं कुणी म्हणालं तर मात्र वर्षाची वाट बघायची नसते. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. निखिलचं यातलं काही नव्हतं. ते कामावर जात होते, झोप बरी होती. फक्त बाबा रिकामे होते.

दुसऱ्या बैठकीत मी विचारलं, "बाबांबद्दल तुमची तक्रार काय?"

"काही नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट कशाला बोलायचं?"

इथे गाठ होती. ही रीत तेरा दिवसांपुरती शहाणपणाची आहे, पण निखिलनी ती वर्षभर पाळली. गोदरेजच्या कपाटातला आतला लॉकर बंद ठेवायचा, म्हणून यांनी अख्ख्या कपाटालाच कुलूप घातलं होतं. हाताशी उरलं ते हॉस्पिटल आणि मानपत्र.

मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "महिन्यातले पंधरा दिवस दौरा. नागपूर, अकोला, नांदेड. घरी असले की रविवारी दुपारी आवाज करायचा नाही." आणि मग एकदम, "बॉम्बस्फोटांच्या दिवशी त्यांनी आधी ऑफिसला फोन केला."

१२ मार्च १९९३, शुक्रवार. निखिल दहावीत. दुपारी दीडच्या सुमाराला शेअर बाजारात पहिला स्फोट झाला, मग एअर इंडियाच्या इमारतीत, वरळीला, प्लाझा सिनेमाजवळ, एकामागून एक. २५७ माणसं गेली. आई पाडव्याच्या खरेदीला दादरला गेलेली, घरात निखिल आणि धाकटी बहीण. आई साडेआठला आली, निम्मं अंतर चालत. बाबांचा नागपूरहून फोन आला तो रात्री दहाला. पहिलं वाक्य: "ऑफिसमधले सगळे सुखरूप आहेत."

माझी खोली दादरलाच, प्लाझापासून दहा मिनिटांवर. हे सांगताना ते नकळत खिडकीकडे बोट दाखवत होते.

एसटीडी लागली नसेल, हाताखालच्या माणसांची जबाबदारी होती, असं काहीबाही माझ्या तोंडाशी आलं होतं. गिळलं. मेलेल्या माणसाची वकिली करायला समुपदेशक लागत नाही, घरात पुष्कळ वकील असतात. मी एवढंच म्हटलं, "हे आईला सांगा."

त्यांनी आठ दिवस टाळलं, मग सांगितलं. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी आठवडाभर बोलले नव्हते त्यांच्याशी. विसरलास?"

निखिल विसरले होते. आणि तेवढ्यावरून आठवलं. दौऱ्यावरून परतल्यावर तो आठवडाभर बाबा सकाळी उठून स्वतः चहा करायचे, कप आईशेजारी ठेवायचे आणि एक शब्द न बोलता आठ पाचच्या लोकलला पळायचे. साखर दोनदा पडलेली असायची. आई तो मोरीत ओतायची.

पुढच्या बैठकीत निखिल सलग चाळीस मिनिटं बोलले. रविवारी संध्याकाळी वर्तमानपत्रावर मांडलेले चौघांचे बूट, बाबांच्या नखांत बसलेलं काळं पॉलिश. औषधांची नावं छापलेली पेनं आणि पॅड, ज्यांवर दोघा भावंडांनी अख्खी शाळा काढली. खोकल्याच्या औषधाची सॅम्पल सगळ्या चाळीला वाटणारे बाबा. हे सगळं आधीपासून होतंच. आयसीयूचं दृश्य गेलं का, असं मी विचारलं. "नाही. रात्री येतं. पण आता एकटं येत नाही."

कार्यक्रमात त्यांनी मानपत्राचा कागद घेतलाच नाही. त्या फोनची गोष्ट सांगितली, नंतर चहाची. थोरल्या काकांना आवडलं नाही. वर्षश्राद्धाला असलं बोलतात का, असं ते पुटपुटले. साखर दोनदा पडायची, हे निखिल सांगत असताना पहिल्या रांगेतून आई म्हणाली,

"दोनदा नाही रे, तीनदा."