पेटी, कोड आणि फी

झिला, नोकरी सोडून संगीत शिकवायचं, त्याचं ॲप करायचं म्हणतोस, पण नोकरी लगेच सोडू नकोस. आधी कुडाळात चार मुलांना पेटी शिकव, आणि फी पहिल्याच महिन्यापासून घे. मी दोन वर्षं फुकट शिकवलं. मग पैसे मागताना माझीच जीभ अडखळायची.

ॲप तू करशीलच, पण त्यातला गंधार (‘ग’ हा स्वर) पेटीवरून उचलू नकोस. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग, म्हणून शुद्ध गंधार षड्जापासून, म्हणजे ‘सा’पासून, 400 सेंटवर येतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार षड्जाशी 5:4 कंपनसंख्येचा, म्हणजे सुमारे 386 सेंट. हा 14 सेंटचा फरक कोडमध्ये एका ओळीचा, कानात बसायला मात्र महिने जातात. सूर मोजणार असशील तर कुठला गंधार बरोबर धरायचा ते आधी ठरव, नाहीतर सुरेल गाणाऱ्या पोरीला तुझा प्रोग्रॅम ‘बेसूर’ म्हणेल. (माझ्या पहिल्या प्रोग्रॅमनं म्हटलं होतं. तिच्या आजीनं मला भर अंगणात झापला.)

आणि नेटशिवाय चालेल असंच बनव. पावसात इथे वीज आणि रेंज दोन्ही जातात, गणपतीच्या भजनांसाठी शिकणाऱ्यांची गर्दी नेमकी तेव्हाच. विकण्याआधी वाडीतल्या भजनी बुवांना वापरायला दे. चुका ते सगळ्यांसमोर काढतील, तयारी ठेव.