फुकटचे स्पिन आणि ‘अडकलेले’ पैसे

“मॅडम, ते स्वतःचे पैसे लावतच नाहीत. कंपनीनं फुकट दिलेले स्पिन खेळतात. मग एवढं काळजीचं काय?”

मोबाइलवरच्या ऑनलाइन जुगारात चित्रांची चाकं एकदा फिरवणं म्हणजे एक स्पिन. समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. कधी बायको विचारते, कधी आई. पुष्कळदा खेळणारा स्वतःच हे वाक्य ढालीसारखं पुढे धरतो. याचं उत्तर एका जोडप्याच्या अनुभवातून देते. त्यांनी लिहायला होकार दिला आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

तो नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर, राहायला तिथल्याच सिडकोत. दारू नाही, तंबाखू नाही, पगार घरात देणारा. तिसऱ्या पाळीत चहाच्या सुट्टीत कुणीतरी टेलिग्रामवरची लिंक पाठवली: नाव नोंदवा, ५० स्पिन मोफत. त्यात त्यानं ६४० रुपये जिंकले. स्क्रीनवर तो आकडा हिरव्या अक्षरांत दिसत होता. पुढच्या आठ महिन्यांत घरातून सव्वादोन लाख गेले. त्यात बायकोची भिशी होती, गहाण टाकलेली पोत होती, आणि दिंडोरीच्या भावाकडून आणलेले फवारणीच्या औषधांचे पैसेही होते. भावाच्या द्राक्षबागेला औषध वेळेवर मिळालं नाही, तेव्हा हे सगळं घरात उघड झालं.

बायको त्याला घेऊन आली तेव्हा तिला वाटत होतं की नवरा लोभी झाला. तो मात्र मान खाली घालून एकच गोष्ट परत परत सांगत होता: “मॅडम, माझे पैसे तिथं अडकलेत. ते काढले की मी सोडणार होतो.” मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. तो स्वतःला जुगारी समजतच नव्हता. तो स्वतःला थकबाकी वसूल करणारा समजत होता. एकदा माणूस असं समजू लागला की त्याला थांबवणं अवघड होतं, कारण थांबणं म्हणजे हक्काच्या पैशावर पाणी सोडणं, असं त्याला वाटतं.

म्हणून आधी उपदेश नाही, हिशोब केला. त्याला कागद-पेन दिलं आणि त्या ऑफरच्या अटी त्यालाच मोठ्यानं वाचायला लावल्या. ६४० रुपये ‘बोनस’ खात्यात जमा होते, काढता येणाऱ्या खात्यात नाही. काढायचे तर त्या रकमेच्या ४० पट खेळून दाखवायचं, तेही ७ दिवसांत. म्हणजे २५,६०० रुपयांचे डाव. एका डावाला २० रुपये धरले तरी १,२८० स्पिन. शिवाय काही खेळांतले डाव या मोजणीत फक्त १० टक्के धरले जाणार आणि काहींतले अजिबात नाही. कितीही जिंकलं तरी २,००० पेक्षा जास्त काढता येणार नाही. आणि पहिली रक्कम काढण्याआधी ‘खातं पडताळणीसाठी’ किमान १,००० रुपये भरावे लागणार.

मग मी त्याला खेळाच्या माहितीत छापलेला आकडा दाखवला: ९६ टक्के परतावा. त्याला तो भरवशाचा वाटला होता. त्याचा अर्थ असा की दीर्घकाळात प्रत्येक १०० रुपयांच्या डावामागे सरासरी ४ रुपये चालवणाऱ्याकडे राहतात. २५,६०० वर ४ टक्के म्हणजे १,०२४ रुपये. हातात होते ६४०. अट पूर्ण होण्याआधीच पैसे संपणं हाच तिथला सर्वसाधारण शेवट आहे. एखाद्याचं नशीब मधल्या वळणावर उजळतंही, पण अटी त्या एखाद्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या नसतात. आणि हा आकडा खरा धरून आपण चाललो होतो. परदेशात कुठेतरी नोंदवलेल्या साइटवर तो तपासणारं कुणी नाही.

त्याचे ६४० संपले तेव्हा लगेच दुसरी ऑफर आली: २,००० भरा, २,००० आमचे. अट होती दोन्ही मिळून ३५ पट. हा गुणाकार त्यानं माझ्यासमोर पहिल्यांदा केला: १,४०,००० रुपयांचे डाव, ४ टक्क्यांनी ५,६०० चा सरासरी तोटा, तेही ४,००० रुपयांवर. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. दिवसभर मायक्रॉनमध्ये माप घेणारा माणूस आहे हा. हिशोब येत नव्हता असं अजिबात नाही. स्क्रीनवर त्याला ‘६८ टक्के पूर्ण’ अशी पट्टी दिसत होती, आणि ३२ टक्क्यांसाठी अजून थोडे पैसे भरणं त्याला शहाणपणाचं वाटत होतं.

बायकोनं विचारलं, हरताना कळत नाही का माणसाला? कळणं अवघड करून ठेवलेलं असतं. २० रुपयांच्या डावावर ८ परत आले तरी दिवे लुकलुकतात, नाण्यांचा आवाज होतो. १२ रुपये गेल्याचं कुठेच दिसत नाही. दोन चित्रं जुळतात आणि तिसरं एका घरानं चुकतं. अशा थोडक्यात हुकलेल्या डावाला मेंदू जिंकल्यासारखाच प्रतिसाद देतो आणि पुन्हा खेळायची ओढ वाढते, हे संशोधनात दिसलं आहे. बक्षीस कधी येईल हे ठाऊक नसलं की सवय सर्वांत चिवट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार व्यसनांसोबत नोंदलेला आहे. ‘मनावर घेतलं तर सुटेल’ असं म्हणून घरच्यांनी त्याला आणि स्वतःलाही छळू नये, असं मला मनापासून वाटतं.

पैशाशिवायची किंमतही मोजावी लागली. पडताळणीच्या नावाखाली त्यानं आधार, पॅन आणि स्वतःचा सेल्फी अनोळखी लोकांना दिला होता. भरलेले पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर जायचे. एकदाच त्याला खरंच ३,२०० रुपये मिळाले, आणि सर्वांत मोठा फटका त्यातूनच बसला. ते पैसे ज्या खात्यातून आले, त्या खात्यावर दुसऱ्या राज्यात सायबर फसवणुकीची तक्रार होती. तपासात त्याचं पगाराचं खातं गोठवलं गेलं. मुलीची शाळेची फी भरायच्या आठवड्यात एटीएममधून एक रुपया निघेना. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक घ्यायचा, मग त्या राज्यातल्या तपास अधिकाऱ्याला अर्ज, कागदपत्रं, फोन. खातं मोकळं व्हायला कित्येक आठवडे गेले.

त्याला अटकेची भीती होती, म्हणून तो इतके दिवस गप्प राहिला होता. केंद्राच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. हे ऐकल्यावर त्यानं पहिल्यांदा सगळी कर्जं सांगितली. लोन अ‍ॅपचं कर्जही त्याच दिवशी कळलं.

पुढचं काम साधं होतं, पण चिकाटीचं. पगार काही काळ बायकोच्या खात्यात, यूपीआयची रोजची मर्यादा अगदी कमी, टेलिग्राम बंद, रात्री फोन स्वयंपाकघरात. सासऱ्यांना सगळं कर्ज एकरकमी फेडायचं होतं. मी नको म्हटलं, कारण हात एकदम मोकळा झाला की ‘आता शेवटचं एकदा’ ही ओढ पुन्हा उठते. कुणाला आधी, कुणाला नंतर अशी यादी केली. भावाचे पैसे पहिले. झोप पार गेली होती, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पाळीवर असताना मन फार ओढ घ्यायचं, तेव्हा तो १४४१६ ला फोन करायचा. ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदतीची सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर तक्रार जाईल तितकं बरं.

खेळणं थांबवल्यावरच सर्वांत जास्त मेसेज आले. पगाराच्या तारखेला, रात्री उशिरा: ‘तुमच्यासाठी खास १०० स्पिन.’ तोवर त्याला गुणाकार पाठ झाला होता. तरी एकदा घसरला, ५०० रुपये भरले, आणि त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही, याचं श्रेय मी तिला देते. लपवाछपवी तिथेच थांबली.

तुमच्या घरात गोष्ट अजून ‘फुकटचंच आहे’ इथवर असेल, तर अ‍ॅपमधली शिल्लक बघू नका, ती मोठीच दिसेल. आत्तापर्यंत किती भरले ती यादी उघडायला सांगा, आणि सोबत बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसा. अनोळखी माणसांच्या नावावर गेलेल्या शंभर-दोनशे-पाचशेच्या रकमांवर खूण करा. बेरीज त्यालाच करू द्या, आणि ती झाल्यावर लगेच काही बोलू नका.