घरात डोकं उघडं ठेव

पोरी,

काल रात्री पाऊण वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी दोनदा ऐकला. पहिल्या वेळी नुसतं तुझं रडणं ऐकू आलं, दुसऱ्या वेळी तू काय म्हणतेस ते कळलं. पहिली केमो होऊन अकरा दिवस झाले, भावाचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय. आई म्हणते दुसरी सायकल, म्हणजे केमोची पुढची फेरी, पुढे ढकलू, लग्नापुरते तरी केस राहतील. नवरा म्हणतो विग आणू, विषय संपला. आणि चार वर्षांच्या लेकीला काय सांगायचं, यावर घरात कुणी तोंडच उघडत नाही.

आईचं आधी निकालात काढते. तुझे केस दुसऱ्या सायकलने जाणार नाहीयेत, ते पहिलीनेच गेलेत. अजून डोक्यावर दिसतायत इतकंच. आपल्या डोक्यावरच्या शंभर केसांपैकी पंच्याऐंशी-नव्वद केस कुठल्याही वेळी वाढत असतात, म्हणजे मुळाशी पेशी भराभर विभागत असतात. केमोचं औषध भराभर विभागणाऱ्या पेशींना गाठतं. त्याला गाठीची पेशी आणि केसाची पेशी यातला फरक कळत नाही. मुळाशी घाव बसतो आणि दोन-तीन आठवड्यांनी केस सुटतात. तुला लाल औषध दिलंय म्हणालीस, त्यात तर जातातच. दुसरी सायकल पंधरा दिवस पुढे नेलीस तरी सुटलेला केस परत चिकटत नाही. केस तर जातीलच, वर उपचार रखडेल. पांढऱ्या पेशी कमी असल्या, ताप असला तर डॉक्टर आपण होऊन तारीख बदलतात. करवलीचा अंबाडा हे त्याचं कारण नव्हे.

हां, एक हिशोब मी केला. तिसरी सायकल लग्नाच्या तीनच दिवस आधी येतेय. ते डॉक्टरांना आत्ताच सांग. चार दिवस इकडेतिकडे करता येतील का, ते त्यांना ठरवू दे. पण विचार ते थकव्यासाठी, केसांसाठी नको.

आता नवऱ्याचं. विग घ्यायचाय? जरूर घे. केस डोक्यावर आहेत तोवरच जा, म्हणजे रंग आणि भांग जुळवता येतो. नकली केसांचा असेल तर तो घालून गॅसजवळ उभी राहू नकोस. माझ्या विगची पुढची बट आमटीच्या फोडणीवर वाकले तेव्हा आक्रसली. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि हात लावला तर टोकाला कडक मणी झालेले. लग्नात विग घाल, ऑफिसात घाल, फोटोत घाल. स्कार्फ बांध, पदर घे, टोपी घाल, मी एका शब्दाने बोलणार नाही.

पण घरात डोकं उघडं ठेव.

हे मी तुला गोड शब्दांत समजावणार नाही. पंधरा वर्षांहून जास्त झाली, मला ते पुरतं कळलंय. तुझा मेसेज ऐकताना मला तुझ्यापेक्षा माझंच घर दिसत होतं.

2009 साली मी पंचेचाळीस वर्षांची होते. सहा सायकल, एकवीस-एकवीस दिवसांनी. केस कमरेपर्यंत. आमचे हे म्हणाले, थांब, घाई कशाला, कदाचित तुझे जाणारही नाहीत. प्रेमानेच म्हणाले. मी थांबले. सतराव्या दिवशी नाहताना पाणी साचायला लागलं, मोरीची जाळी भरली होती. उरलेले केस एकमेकांत गुंतून मानेपाशी त्याची जट झाली. ती फणीने सुटेना, तेलाने सुटेना. केसांची मुळं दुखतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, उशीवर डोकं टेकवत नव्हतं. शेवटी ती जट मी दाराला कडी लावून शिवणाच्या कात्रीने कापली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या मागे ठेवली. चोरी केल्यासारखी.

त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, ‘सवाष्णीने बोडकं डोकं दिसू देऊ नये.’

‘बोडकी’ म्हणजे डोकं भादरलेली विधवा, हा शब्द तुझ्या पिढीला माहीत नसेल. मला होता. माझ्या वडिलांची आत्या लहानपणी विधवा झालेली. मी पाहिली तेव्हा ती म्हातारी होती, लाल आलवण नेसायची, पदर कपाळापर्यंत ओढलेला. न्हावी मागच्या दाराने यायचा. मुंबईत 1890 मध्ये नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी उभे होते. ते आपण अभिमानाने सांगतो, पण आमच्या आत्याआजीच्या डोक्यावर त्यानंतर कित्येक वर्षं वस्तरा फिरत राहिला. आपल्याकडे बाईच्या केस नसलेल्या डोक्याला आजाराचा अर्थ नंतर चिकटतो, आधी अपशकुनाचा चिकटलेला असतो. सासूबाईंना वाईट म्हणत नाही मी. त्या घाबरल्या होत्या, मुलाच्या जिवाला घाबरल्या होत्या. पण त्यांच्या भीतीला मी माझ्या डोक्यावर बसू दिलं, तेही स्वतःच्या घरात. एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसभर विग आणि रात्री झोपताना घट्ट रुमाल. घामाने टाळूवर पुरळ उठलं तरी रुमाल सोडला नाही. नवऱ्याने माझं डोकं एकदाही पाहिलं नाही. खरं सांगते, मी स्वतःही पाहिलं नाही. आरशावर टॉवेल टाकून आंघोळ करायचे.

मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. एके दिवशी शाळा लवकर सुटली, तो धावत आला आणि न्हाणीघराचं दार ढकललं. कडी नीट लागली नव्हती. मी ओरडले. अशी ओरडले की शेजारच्या वहिनी धावत आल्या. त्याने काय पाहिलं असेल? टक्कल पाहिलं, बस. पण माझ्या ओरडण्यावरून त्याला कळलं की जे पाहिलं ते भयंकर होतं. त्यानंतर तो घरातलं प्रत्येक दार वाजवून आत यायला लागला. स्वयंपाकघराला दारच नाही आमच्या, तर चौकटीवर टकटक करायचा. आता चोविशीचा आहे, पुण्याला नोकरी करतो. सुट्टीला घरी आला की अजूनही खोलीत येण्याआधी खाकरतो.

मला केस गेल्याचं काही वाटत नाही गं आता. ते खाकरणं ऐकवत नाही.

म्हणून म्हणते, घरात डोकं उघडं ठेव. लेक चार वर्षांची आहे, ती तुझ्या तोंडाकडे बघून ठरवणार की हे घाबरण्यासारखं आहे की नाही. तिला आधी सांग. जाण्याआधी सांग, गेल्यावर नको. ‘आईला बरं करायचं औषध खूप जोरात आहे, त्याने केस जातील, मग परत येतील, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही.’ एवढं पुरे. लहान मुलांना वाटतं आपण हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. हे शेवटचं वाक्य विसरू नकोस.

मी डोकं उघडं कुठे ठेवलं माहीत आहे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. टाटाच्या कॅन्सर रुग्णालयात उपचार घेणारी कितीतरी माणसं तिथे उतरतात, आम्हीही दोन सायकलना उतरलो. व्हरांड्यात बायका कपडे वाळत घालत होत्या, कुणी बिहारची, कुणी बंगालची, एक आपल्या बीडकडची. सगळ्यांची डोकी उघडी. बीडच्या बाईने माझ्या रुमालाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘काढा की ताई, वारं लागू द्या.’ मी काढला. टाळूला वारा लागला तो मला आजही आठवतो. घरी परतताना गाडीत पुन्हा बांधला. परक्यांच्यात मोकळी आणि घरी आले की बांधलेली, हे किती उलटं झालं बघ!

आता तुला वाटेल, काकूंचं दुःख काकूंपाशी, मला का? बरोबर आहे. माझ्या भाचीलाही तेच वाटलं होतं. चार वर्षांपूर्वी तिला हेच निघालं, आणि मी तिच्या मागे लागले. रुमाल काढ, काढ म्हणून. एकदा तिच्या सासरी सगळ्यांसमोर म्हणाले. ती सहा महिने माझ्याशी बोलली नाही. बहीण अजून म्हणते, तुझा हट्ट तू तिच्यावर लादलास. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे मी कबूल करते. तिच्याकडे जाऊन माफीही मागितली. पण मुद्दा? मुद्दा मी आजही सोडलेला नाही. तिचा नवरा तिच्यासमोर कपडे बदलायचा आणि ती त्याच्यासमोर रुमाल बदलू शकत नव्हती. याला संसार म्हणायचं? मी चुकीच्या वेळी बोलले असेन, चुकीचं बोलले नाही. तू रागावलीस तर रागाव, मी थांबेन.

काही गोष्टी भराभर सांगते, कारण तुला कुणी ना कुणी भलतंच सांगणार आहे. केस गेले म्हणजे औषध लागू पडतंय, हे खोटं आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही. कांद्याचा रस, कसली कसली तेलं टाळूवर चोळू नकोस, त्या दिवसांत कातडी नाजूक असते. साधं खोबरेल किंवा वास नसलेलं क्रीम चालतं. भुवया आणि पापण्या मागाहून जातात, बहुतेक तेव्हाच माणूस जास्त खचतो, कारण ‘केस गेले, आता झालं’ असं म्हणून आपण निर्धास्त झालेलो असतो. पापण्या नसल्या की धूळ सरळ डोळ्यात जाते, बाहेर पडताना चष्मा लाव. नाकातले केसही जातात, नाक विनाकारण वाहतं, रुमाल जवळ ठेव. उन्हात डोकं झाक, रात्री थंडी वाजली तर झाक. ते लपवणं नाही.

थंड टोपीबद्दल विचारलंस. केमो चालू असताना टाळू गार ठेवली की तिथलं रक्त कमी होतं, औषध मुळांपर्यंत कमी पोचतं. टाटामध्ये त्याची चाचणी झाली, 2020 मध्ये छापून आली. टोपी घातलेल्या निम्म्याहून थोड्या अधिक बायकांचे केस बऱ्यापैकी टिकले, न घातलेल्यांपैकी एकीचेही नाहीत. पण ती पहिल्या सायकलपासून घालावी लागते, आणि लाल औषधात तिचा गुण कमी येतो. तुझी वेळ गेली. तुला आधी कुणी सांगितलं नाही याचा मला संताप येतो, पण त्यावर आता रात्र जागू नकोस.

शेवटची सायकल झाली की महिना-दोन महिन्यांत डोक्यावर जावळ येतं. जावळच म्हणायचं त्याला, दुसरा शब्द नाही. माझं करडं आणि कुरळं आलं, जन्मात माझे केस कुरळे नव्हते. काही औषधांनी, फार थोड्या जणींचे, पूर्वीसारखे दाट येत नाहीत. हेही तुला माहीत असावं. माझं जावळ आलं तेव्हा मी ते वाढू दिलं नाही. तीन वर्षं मुद्दाम बोटभर ठेवलं. हळदीकुंकवाला एकीने माझ्यापुढून करंडा तसाच पुढे नेला होता, त्या घरी मी पुन्हा गेले नाही. लोक म्हणाले, बाई हट्टी झाली. झाले. जेव्हा हट्ट करायचा होता तेव्हा केला नाही, त्याची ती भरपाई होती.

सासूबाई गेल्या त्या वर्षी एक दुपार आठवते. त्या अंथरुणाला खिळलेल्या, मी त्यांचं डोकं पुसत होते. त्यांचेही केस विरळ झालेले. त्यांनी हात वर करून माझ्या आखूड केसांवर ठेवला आणि तसाच राहू दिला. बोलल्या काही नाहीत. मीही विचारलं नाही.

तर आता तुझं. शनिवारी चौदावा दिवस. तुझी जट होण्याची मी वाट बघणार नाही. साडेदहाला येते. मशीन माझ्याकडे आहे, स्पिरिटने पुसून आणेन. वस्तरा अजिबात नको, या दिवसांत पांढऱ्या पेशी खाली असतात, जरा कापलं तरी त्रास. पार्लरलाही नको. मला सर्दी-खोकला असला तर मी येणार नाही, मशीन पाठवून देईन, नवऱ्याला फिरवू दे. विग आणू म्हणालाय ना, मग हातही लावू दे. लेकीला कुणाच्या घरी धाडू नकोस. तिच्या हातात फणी दे आणि पहिली वेणी तिलाच धरू दे. घाबरली तर बाहेर खेळू दे, पण दार लावायचं नाही.

गॅलरीत खुर्ची ठेव. जुनी सुती साडी असेल तर फाडून अंगावर घ्यायला काढून ठेव, टॉवेलला केस चिकटतात. आणि चहा मी केल्यावर पिऊ, तुझ्याकडचा आलं घातलेला नको, तोंड आलं असेल तर झोंबेल.

तुझी,
काकू